अदृष्ट भय आणि घरांतील मुके जीव

दया हा शब्द आपल्या तोंडीं फार आहे. परंतु जो गुण रोज, न बोलतां, घरच्या व्यवहारांत उतरत नाहीं, तो गुण नसून केवळ अलंकार होय. कीर्तनांत भूतदयेचें आख्यान ऐकून डोळे पुसणारा गृहस्थ घरीं येतांच उंबऱ्याशीं निजलेल्या कुत्र्यास लाथ मारतो, हें दृश्य कांहीं अपूर्व नाहीं. म्हणून दयेचा विचार करावयाचा तो व्यासपीठावरून न करितां स्वयंपाकघर, मोरी, कोठीची खोली आणि अंगण येथून करावा, असें आम्हांस वाटतें.

आपल्या पूर्वजांनीं हा विचार असाच केला होता. गृहस्थाच्या नित्यकर्मांत त्यांनीं ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ असे पांच महायज्ञ सांगितले. ह्यांपैकीं भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रास आपल्या अन्नांतला वांटा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत कुत्रीं, कावळे, किडामुंगी ह्यांच्यासाठीं काढलेलें अन्न भुईवर हळूच ठेवावें, असें सांगितलें आहे. त्यांतील ‘हळूच’ ह्या अर्थाचा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. अन्न फेंकावयाचें नाहीं, ठेवावयाचें आहे. देणें आणि देण्याची रीत हीं दोन्ही त्या एका शब्दांत आलीं. वैश्वदेव आज बहुतेक घरांतून उठला. तरी गाईचा घांस आणि पितृपक्षांतील कावळ्याचें पान अद्याप पुष्कळ ठिकाणीं आहे. तेवढ्या धाग्यावरूनहि मूळ वस्त्र ओळखतां येतें.

महाभारताच्या आदिपर्वांत आरंभींच सरमेची कथा येते. जनमेजय राजा आपल्या भावांसह कुरुक्षेत्रीं दीर्घसत्र करीत असतां देवांची कुत्री जी सरमा, तिचें पिलूं तेथें आलें. राजाच्या भावांनीं त्यास मारून हाकलून दिलें. पिलूं रडत आईकडे गेलें आणि आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नाहीं व तें चाटलेंहि नाहीं, असें त्यानें सांगितलें. सरमा यज्ञभूमीवर आली आणि माझ्या निरपराध मुलास कां मारलें, असें तिनें सरळ विचारलें. कोणीं उत्तर दिलें नाहीं. तेव्हां तिनें राजास अदृष्ट भयाचा, म्हणजे जें डोळ्यांना दिसत नाहीं अशा भयाचा, शाप दिला. राजा घाबरला आणि शापनिवारणासाठीं योग्य पुरोहित शोधूं लागला. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारांतच एका कुत्रीची फिर्याद उभी असावी, ह्यांत व्यासांचा कांहीं हेतु असलाच पाहिजे.

हा ‘अदृष्ट’ शब्द आजच्या घरांत नवा अर्थ घेऊन उभा आहे. वाघ दिसतो, साप दिसतो, आग दिसते. परंतु फरशीवर वाळलेलें औषध, भिंतीवरून गळलेल्या जुन्या रंगाची पूड, दार लावून घेतलेल्या खोलींतला धूर हीं दिसत नाहींत. त्यांचा मारा प्रथम कोणावर होतो? जो जमिनीला जवळ, वजनानें हलका आणि सांगण्यास असमर्थ, त्याच्यावर. म्हणजे घरचें मांजर आणि रांगतें मूल ह्या दोघांवर. मूल हात तोंडांत घालतें, मांजर पाय चाटतें; भुईवर जें सांडतें तें दोघांच्याहि पोटांत जातें. तेव्हां मुक्या जीवाची काळजी घेणें हा पुण्याचा संचय तर आहेच, परंतु तें आपल्याच नातवंडाचें रक्षण आहे.

मुके जीव आपल्या आधीं भोगतात, हें जगानें अनेकदां पाहिलें आहे. कोळशाच्या खाणींत विषारी वायु असल्यास कळावें म्हणून कॅनरी पक्षी पिंजऱ्यांत घालून खालीं नेत. ब्रिटनमधील खाणींत ही चाल १९८६ सालापर्यंत होती. जपानांत मिनामाता येथें एका कारखान्यांतील पाऱ्याचें विष समुद्रांत जात होतें. तें माशांत उतरलें आणि मासे खाणारीं मांजरें झोकांड्या खाऊं लागलीं, गरगर फिरून समुद्रांत पडूं लागलीं. लोकांनीं नवल केलें. पुढें मे १९५६ मध्यें तोच रोग माणसांत, तोहि लहान मुलांत, आढळल्याची अधिकृत नोंद झाली. कारण काय तें सरकारनें मान्य करावयास १९६८ साल उजाडावें लागलें. मांजरांनीं जें सांगितलें तें वेळींच कोणीं ऐकलें असतें, तर कित्येक घरें वांचतीं.

आपल्या देशांतील दाखला गिधाडांचा. गुरांच्या वेदना शमविण्यासाठीं डायक्लोफिनॅक हें औषध टोंचूं लागले. ह्यांत हेतु वाईट नव्हता; उलट तो दयेचाच होता. परंतु औषध दिलेलें जनावर मेलें कीं गिधाडें तें खात आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होऊन तीं मरत. आपल्याकडील गिधाडांच्या मुख्य जाती ह्यामुळें बहुतांशीं नष्ट झाल्या. त्यांतल्या एका जातीची संख्या तर शेंकडा नव्याण्णवांहून अधिक घटली. कारण २००४ मध्यें सिद्ध झालें व २००६ मध्यें गुरांसाठीं ह्या औषधावर भारतांत बंदी आली. मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस न बाधणारें औषध तेव्हांच उपलब्ध होतें. तात्पर्य एवढेंच कीं, दयेला ज्ञानाची जोड नसेल तर दयाहि घात करिते.

हेंच घरांत पहावें. मांजर मलूल झालें म्हणून कनवाळू माणूस आपल्या डब्यांतली पॅरासिटामॉलची गोळी दुधांतून देतो. माणसास जें मानवतें तें निर्विष करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच थोडी असते. एक गोळी त्याचा जीव घेण्यास पुरे होते. कुत्र्याच्या पिसवांवर मिळणाऱ्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतें. तें कुत्र्यास चालतें, मांजरास मारक होतें. कुत्र्यास प्रेमानें दिलेल्या शिऱ्यांतील बेदाणे, कांदा घातलेली भाजी, चॉकलेट हीं त्याला बाधतात. द्राक्षांनीं व बेदाण्यांनीं तर कित्येक कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी झालेले आहेत. आपलें पान तें त्याचें पान नव्हे.

आमच्या आळींतील एका मोठ्या कुटुंबांत घडलेली गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. कोठींत उंदीर फार झाले. घरांतील एकानें बाजारांतून उंदराचें विष आणून पोत्यांआड ठेविलें. ठेवणारा कामास निघून गेला. बाकीच्या बारा माणसांस त्याचा पत्ता नाहीं. उंदीर मरूं लागले आणि घरच्या मांजरीनें ते खाल्ले. चारपांच दिवसांनीं तिच्या हिरड्यांतून रक्त येऊं लागलें. गुरांच्या डॉक्टरांनीं सांगितलें कीं, हें विष रक्त गोठूं देत नाहीं. ह्यावर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, परंतु आणावयास उशीर झाला. मांजर त्याच रात्रीं गेली. दुसऱ्या दिवशीं घरांतील सहा वर्षांच्या मुलीनें जेवणाच्या पंगतींत विचारलें, “तिला विष कोणीं दिलें? तिनें काय केलें होतें?” पंगतींत कोणीं बोललें नाहीं. सरमेला जें उत्तर मिळालें नाहीं, तें ह्या मुलीलाहि मिळालें नाहीं.

त्या घरांतील थोरल्या काकूंनीं मात्र कोणाला दोष दिला नाहीं. पंगत उठल्यावर त्यांनीं सर्वांस कोठीच्या खोलींत नेलें आणि सांगितलें, “आज मांजर गेली. उद्यां हें पोरांच्या हाताला लागलें असतें. ह्यापुढें विषाची वस्तु घरांत येईल ती सगळ्यांना सांगून येईल, आणि कुलपांत राहील.” एकत्र कुटुंबाचें मर्म ह्या एका वाक्यांत आहे. एकट्याच्या घरांत ज्यानें ठेविलें त्याला ठाऊक असतें; एकत्र घरांत एकाचें गुपित तें दुसऱ्याच्या मुलाचें संकट होतें. पुढें त्यांनीं धान्य झांकणाच्या पिंपांत भरलें, भिंतींतील बिळें जाळी व सिमेंट घालून बुजविलीं, रात्रीं खरकटें ठेवणें बंद केलें आणि दोन पिंजरे आणिले. उंदीर एका दिवसांत गेले नाहींत, परंतु गेले.

अशीच रीत इतर बाबतींतहि लावतां येते. डासांसाठीं जळणारी कांडी लावून खोलीचें दार बंद करणें हें फार घरांत चालतें. २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, एका कांडीच्या धुरांतून जितके सूक्ष्म कण निघतात तितके ७५ ते १३७ सिगारेटी जाळल्यानें निघतील. ज्या घरांत विडीस बंदी, त्या घरांत पाळण्याशेजारीं हा धूर असावा, हें नवल नव्हे काय? मच्छरदाणी लावावी, खिडक्यांस जाळी बसवावी, पिंपें व कुंड्यांच्या ताटल्या आठवड्यांतून एकदां कोरड्या कराव्या. ट्रंकेंतील डांबराच्या गोळ्यांच्या वासाचें बाळंतविड्याचें कापड तान्ह्या मुलास तसेंच गुंडाळूं नये. कांहीं मुलांत जन्मतः एक रक्तदोष असतो आणि ह्या गोळ्यांनीं त्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. कपडे उन्हांत वाळवून वेखंड घालून ठेवावे. मोरी व संडास धुतांना ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करूं नयेत. त्यांतून क्लोरीन हा विषारी वायु निघतो.

भिंतीच्या रंगांत शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांपेक्षां अधिक नसावें, असा नियम आपल्याकडे २०१७ पासून आहे. परंतु जुन्या वाड्यांच्या दारांवर त्याआधींचे रंग आहेतच. ते कोरडे खरवडूं नयेत. ओले करून काढावे व मुलांना दूर ठेवावें. देवाच्या मूर्तीस लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचीच भस्मरूप अवस्था. तेव्हां त्यास हात लागल्यावर हात धुवावे. ताक पितळेच्या भांड्यांत कळकतें हें आपल्या आज्यांस कोणत्याहि प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतें आणि कल्हई उडालेल्या भांड्यांत त्या आंबट पदार्थ कधीं ठेवीत नसत.

मात्र येथें एक सावधगिरीची सूचना. हल्लीं ‘नैसर्गिक’ म्हटलें कीं तें निर्विष, असा समज पसरला आहे. तो खोटा आहे. देवपूजेसाठीं अंगणांत लाविलेली कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी, धोतरा तसाच, पूजेच्या डबींतला कापूर लहान मुलानें गिळला तर त्यास झटके येतात. उलटपक्षीं, योग्य योजनेनें तीक्ष्ण विषहि उत्तम औषध होतें, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. वस्तु कोठून आली ह्यापेक्षां ती किती, कोणास आणि कशी, हा विचार महत्त्वाचा. म्हणून घरांतलें सर्वच बाहेर फेंकण्याचा हट्ट नको. जें विनाकारण आहे तेवढें कमी करावें, जें आवश्यक आहे तें उंच फळीवर, मूळ बाटलींत आणि नांव लावून ठेवावें. सरबताच्या बाटलींत फिनेल भरणें ही काटकसर नव्हे.

शेवटीं ही दया मांजर-कुत्र्यांपाशींच थांबूं नये. मोरी घांसणाऱ्या बाईच्या हातांस ॲसिडाची भोकें पडतात, तीं आपल्यास दिसतात काय? रबरी हातमोज्यांची किंमत ती किती! २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले. तो कापूस आपल्याच अंगावर येतो. जो मुका नाहीं, पण ज्याचें बोलणें ऐकून घेतलें जात नाहीं, तोहि एका अर्थीं मुकाच होय.

मुलें उपदेशानें दया शिकत नाहींत; तीं वडील माणसांचे हात पाहून शिकतात. कुत्र्याची भाकरी फेंकली जाते कीं ठेविली जाते, बाटली कुलपांत जाते कीं दाराआड, कामाच्या बाईला हातमोजे दिले जातात कीं बोल लावले जातात, हें तीं रोज पाहतात. वाचक भगिनींनीं व बंधूंनीं ह्या रविवारीं घरांतील सर्व मंडळींस बरोबर घेऊन कोठी, मोरी आणि औषधाचा डबा एकदां डोळ्यांखालून घालावा. मुलांना बाजूस सारूं नये. यादी त्यांच्याकडूनच लिहवावी. सरमेचा प्रश्न आपल्या दारीं येईल तेव्हां उत्तर द्यावयास निदान एक तरी माणूस घरांत तयार असावें.