एकसूत्रता कोणाची? ‘अ‍ॅक्वालंग’ आणि त्याचे श्रोते

कलाकृतीचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, कर्त्याचा की रसिकाचा, हा प्रश्न साहित्यसमीक्षेत जुना आहे. त्याचे एक अत्यंत बोधप्रद उदाहरण साहित्याबाहेर, इंग्लंडमधील रॉक संगीतात सापडते. तेथे एका ध्वनिमुद्रिकेविषयी श्रोत्यांनी व समीक्षकांनी एक मत दिले. कर्त्याने ते साफ नाकारले. आणि त्या मताची थट्टा करावी म्हणून त्याने जी पुढची कृती रचली, ती त्या मताचीच उत्तम साक्ष ठरली. या प्रकरणाचा विचार येथे योजिला आहे.

प्रथम प्रकाराविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी 1948 साली बाजारात आली आणि एका बाजूवर सुमारे वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. गाण्यांच्या केवळ संग्रहाऐवजी त्यांची सहेतुक मांडणी करण्याची कल्पना त्यातूनच बळावली. एकाच भावावस्थेभोवती गुंफलेली फ्रँक सिनात्रा याची 1955 मधील ‘इन द वी स्मॉल अवर्स’ हे तिचे आरंभीचे उदाहरण. पुढे बीटल्सची ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (1967) आणि द हू या वृंदाची ‘टॉमी’ (1969) यांनी रॉक संगीतात हा प्रकार रूढ केला. एका कल्पनेने वा कथेने सर्व गाणी बांधली गेली आहेत अशा ध्वनिमुद्रिकेस ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणतात. आपल्याकडील परिभाषेत बोलायचे तर मुक्तकांचा संग्रह आणि प्रबंधकाव्य यांतील जो भेद, तोच येथे अभिप्रेत आहे.

जेथ्रो टल या वृंदाची ‘अ‍ॅक्वालंग’ 1971 साली प्रसिद्ध झाली. वृंदाचा प्रमुख इयन अँडरसन हा गायक, बासरीवादक व गीतकार. शीर्षकगीताचा नायक एक बेघर, किळसवाणा आणि तरीही करुणा उपजविणारा म्हातारा आहे. अँडरसनची तेव्हाची पत्नी जेनी हिने काढलेल्या बेघर माणसांच्या छायाचित्रांवरून ते गीत सुचले, आणि त्याच्या शब्दरचनेत तिचाही वाटा आहे. ‘अ‍ॅक्वालंग’ हे पाणबुड्यांच्या श्वसनयंत्राचे नाव. म्हाताऱ्याच्या घरघरत्या श्वासामुळे ते त्याला चिकटले.

ही कन्सेप्ट अल्बम आहे, असे मत लवकरच पसरले आणि ते निराधार नव्हते. वेष्टनावर तबकडीच्या पहिल्या बाजूस ‘अ‍ॅक्वालंग’ आणि दुसरीस ‘माय गॉड’ अशी स्वतंत्र शीर्षके दिलेली होती. सोबत बायबलच्या शैलीत लिहिलेला एक उपहासात्मक मजकूर होता. दुसऱ्या गाण्यात, ‘क्रॉस-आइड मेरी’मध्ये, तो म्हातारा पुन्हा डोकावतो. उत्तरार्धातील ‘माय गॉड’, ‘हिम 43’ व ‘विंड-अप’ ही गाणी संस्थाबद्ध धर्मावर प्रहार करतात. एकीकडे समाजाने टाकून दिलेली माणसे आणि दुसरीकडे दीनांचा कैवार सांगणारा धर्म, अशी विरोधावर उभारलेली रचना श्रोत्यांना जाणवली. मर्ढेकरांच्या परिभाषेत तिला विरोधलय म्हणता येईल.

अँडरसनने हे मत वेळोवेळी खोडून काढले. तीन-चार गाण्यांचा आशय एकमेकांशी मिळताजुळता आहे, बाकीची स्वतंत्र आहेत, असे त्याचे म्हणणे. तेही निराधार नाही. ‘चीप डे रिटर्न’ या अगदी छोट्या गाण्यात रुग्णालयातील वडिलांना भेटून परतणाऱ्या मुलाची काळजी आहे. ‘वंडरिंग अलाउड’ हे सरळसाधे प्रेमगीत आहे. त्यांना म्हाताऱ्याशी वा धर्मचिकित्सेशी जोडायचे म्हणजे ओढाताणच करावी लागते.

श्रोत्यांच्या या मताला अँडरसनने जे उत्तर दिले, ते 1972 मधील ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’. तुम्हांस एकसूत्र कृतीच हवी आहे ना, मग घ्या, असा त्याचा आविर्भाव. तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारे सुमारे चव्वेचाळीस मिनिटांचे हे एकच गीत. त्याची शब्दरचना जेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या बालकवीची, अशी बतावणी केलेली. वेष्टन म्हणजे बारा पृष्ठांचे एक लटके ग्रामीण वृत्तपत्र. जेराल्डला मिळालेले काव्यपारितोषिक एका साहित्यसंस्थेने परत घेतल्याची बातमी त्यात आहे, आणि त्याच ध्वनिमुद्रिकेचे परीक्षणही आहे! साहित्यसंस्थांशी संबंध असलेल्या वाचकांनी हे वृत्तपत्र एकदा अवश्य चाळावे. विनोद असा की अनेक श्रोत्यांनी हे विडंबन गंभीरपणे घेतले आणि अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या विक्रीयादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले.

या श्रोत्यांना भोळे ठरविणे सोपे आहे. पण ते न्याय्य आहे काय? येथे आपल्या परंपरेतील एक साधन उपयोगी पडते. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी मीमांसकांनी सहा लिंगे सांगितली आहेत: उपक्रमोपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) याच कसोट्यांचा आधार घेतला, हे वाचकांस स्मरत असेल. त्यांचे वैशिष्ट्य असे की मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांचा कर्ताच नाही. ज्या वाङ्मयाच्या कर्त्याला हेतू विचारता येत नाही, त्याची एकवाक्यता कशी ठरवावी, याचा हा विचार आहे. अर्थात कर्ता हयात असून साक्ष देत असला, तरी पुरावा कृतीतच शोधावा लागतो, हा बोध त्यातून घेता येतो.

या कसोट्या लावून पाहू. ‘अ‍ॅक्वालंग’चा उपक्रम बागेतील बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने होतो, उपसंहार शाळेने व चर्चने शिकविलेल्या देवाशी भांडणाऱ्या ‘विंड-अप’ने. शेवट आरंभाकडे वळत नाही. अभ्यास, म्हणजे पुनरुक्ती, मात्र काही प्रमाणात आढळते: पहिल्या गाण्यातील धाप ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ या न थांबणाऱ्या आगगाडीच्या गाण्यात वेगळ्या रूपाने ऐकू येते. पण सर्व गाण्यांची उपपत्ती लागत नाही. म्हणून उत्तरार्ध बव्हंशी एकसूत्र, पूर्वार्ध विस्कळित, असाच निर्णय द्यावा लागतो. उलट ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ गिटारच्या ज्या शांत स्वरावलीने सुरू होते तिच्याकडेच अखेरीस परतते. मधल्या भागातही स्वरवाक्ये रूपे पालटून पुन्हा येतात. कर्त्याचा हेतू थट्टेचा होता, परंतु जी घडली ती खरीखुरी एकसंध कृती. सर्वान्तेसचा ‘डॉन किहोटे’ (1605) शौर्यकथांच्या विडंबनातून निघाला आणि विडंबनात मावला नाही, त्याच जातीची ही घटना होय.

यावरून श्रोत्याला हवा तो अर्थ लादण्याची मोकळीक मिळते असे मात्र कोणी समजू नये. ज्या कसोटीने कर्त्याची साक्ष अपुरी ठरते, त्याच कसोटीने श्रोत्याचे मतही तपासले जाते. ‘अ‍ॅक्वालंग’विषयी श्रोते अर्धेच बरोबर होते. सहृदयाचा अधिकार कृतीच्या आधाराने चालतो; तो आधार सुटला की उरतो केवळ आग्रह.

भाषांतरकाराला हा वाद निव्वळ तात्त्विक वाटणार नाही. ‘अ‍ॅक्वालंग’मधील गीते मराठीत आणायची झाली, तर पहिल्या गाण्यातील त्या नावाला जो प्रतिशब्द योजावा तोच दुसऱ्या गाण्यात ठेवावा लागेल, नाही तर म्हातारा तेथे ओळखूच येणार नाही. धाप आणि आगगाडीचा श्वास यांसाठी एकच शब्द घ्यावा की दोन, हे ठरविताना अँडरसनचा नकार प्रमाण मानला तर दोन शब्द पुरतात. कृती प्रमाण मानली तर एकच शब्द हवा. कर्त्याला न दिसलेला धागा भाषांतरात तोडण्याचा अधिकार आपणांस नाही, आणि कृतीत नसलेला धागा ओवण्याचाही नाही. प्रत्येक प्रतिशब्दाच्या वेळी हा निवाडा मूळ कृती पुन्हा ऐकूनच करावा लागतो.