रोम, सिंहगड आणि रंगवलेला पडदा

मूकपटांवर बोलणाऱ्या विद्वानांची एक ठरलेली मांडणी आहे. इटलीने पडद्यावर रोम उभा केला, जग थक्क झाले आणि मग कोल्हापूरने त्याची गरिबाघरची नक्कल केली. परिसंवादांत हे मी ऐकत आलो, अभ्यासग्रंथांत वाचत आलो आणि जिथे बोलायला मिळाले तिथे त्याला विरोध करत आलो. संपादकांनी यंदा मोकळी जागा दिली आहे, तेव्हा एकदा सविस्तर लिहितो.

रोमची थोरवी मला मान्यच आहे. १९०८ मध्ये पाँपेईचा अंत पडद्यावर आला, १९१३ मध्ये तोच पुन्हा आला. त्याच वर्षी एन्रिको ग्वात्सोनीचा ‘क्वो व्हादिस’ आला. त्यात खरे सिंह होते, माणसांचे लोंढे होते आणि जळणारे रोम होते. पुढच्या वर्षी जोव्हान्नी पास्त्रोनेने ‘काबिरिया’त कार्थेजमधले मोलोखचे देऊळ बांधले, हानिबलचे हत्ती आल्प्सवर चढवले आणि कॅमेरा गाड्यावर ठेवून हळूहळू पुढे सरकवला. त्यातला बलदंड माचिस्ते झालेला बार्तोलोमेओ पागानो जिनोआच्या गोदीतला हमाल होता. अमेरिकेने १९०७ मध्ये एका रिळात ‘बेन हर’ उरकला. परवानगी न घेतल्याने खटला झाला आणि १९११ मध्ये निर्माते तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरले. १९२५ चा ‘बेन हर’ सगळ्यांना ठाऊक आहे. रथांच्या शर्यतीवर बेचाळीस कॅमेरे रोखले होते म्हणतात. त्यावर जास्त लिहीत नाही.

आपल्या सिनेमाच्या जन्मातही रोमचे सैनिक आहेत, हे मात्र खरे. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्राचा जो पट पाहिला, त्यात पिलातही होता, शिपाईही होते. पण ख्रिस्ताकडे पाहताना फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण येत होते. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तारामती झाले अण्णा साळुंके. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तेच राम आणि तेच सीता. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर लोकांनी हात जोडले, कारण लोकांना ती गोष्ट आधीपासून येत होती. रोमच्या प्रेक्षकाला नीरो दाखवावा लागला. आपल्या प्रेक्षकाला हनुमान ओळखायला पडद्यावरची पाटीसुद्धा वाचावी लागली नाही.

आता माझ्या माणसाकडे येतो. कोल्हापूरचे बाबुराव मेस्त्री, जगाला ठाऊक असलेले बाबुराव पेंटर. आनंदराव आणि बाबुराव हे दोघे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता, तुरुंग या चार-पाच कापडांवर त्या काळी अख्खे नाटक उभे राहायचे. कुठला रंग दिव्याच्या उजेडात मरतो, कुठला उठतो, दूरचा डोंगर जवळ न येता डोळ्यांत कसा भरतो, ही विद्या त्यांच्या हातात होती. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी घरीच घडवलेला कॅमेरा पूर्णत्वाला नेला. गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, फत्तेलाल हे शिष्य तिथलेच. १९२० चा ‘सैरंध्री’ त्यांचा पहिला. त्यातला कीचकवध प्रेक्षकांना इतका खरा वाटला की किंकाळ्या उठल्या आणि सेन्सॉरने तो कापायला लावला. टिळकांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले.

आणि १९२३ चा ‘सिंहगड’. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरचा. बाळासाहेब यादवांचा तानाजी, व्ही. शांतारामांचा शेलारमामा आणि शिवाजी महाराज स्वतः बाबुराव. त्यांनी कृत्रिम प्रकाश आणला. दिवसाच्या उन्हावर विसंबणाऱ्या त्या काळात, रात्रीच्या अंधारात गड चढणारे मावळे दाखवायचे तर दिवा कुठून पडावा आणि सावली कुठे जावी हे ठरवणारा माणूस चित्रकारच हवा होता. पोशाख, दागिने, प्रसंगांची मांडणी ते आधी कागदावर काढत. पोस्टरसुद्धा स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आजही अभ्यासक वाखाणतात आणि त्या पटाला वेंबलीच्या प्रदर्शनात पदक मिळाले. मुंबई इलाख्यात करमणूक कर १९२३ मध्येच लागला. ‘सिंहगड’ची गर्दी पाहूनच सरकारला तो सुचला, असे जुने लोक सांगत. ग्वात्सोनीकडे पैसा होता, पास्त्रोनेकडे सुतार आणि गवंडी होते. बाबुरावांकडे कुंचला होता, आणि तो नाटकाच्या मांडवातून आला होता. यात नक्कल कुठे आहे, ते विद्वानांनी दाखवून द्यावे.

मुंबईतल्या कोहिनूर, इंपीरियल वगैरे कंपन्यांनी या काळात पटांची रास घातली. मला त्यांत फारसा रस नाही. हिमांशु राय आणि फ्रान्झ ओस्टेन यांचे ‘शिराझ’ आणि ‘प्रपंच पाश’ हे राजस्थानातल्या खऱ्या हत्ती-घोड्यांचे, देखणे पट. इंग्रजांच्या फिल्म इन्स्टिट्यूटने ‘शिराझ’ निगुतीने दुरुस्त केला, २०१७ मध्ये अनुष्का शंकरच्या संगीतासह दाखवला. आपल्याला ते जमले नाही.

१९२९ मध्ये बाबुरावांच्याच शिष्यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३० मध्ये शांतारामांनी ‘स्वराज्याचे तोरण’ केला, त्यात शिवाजीही तेच झाले. नावातले स्वराज्य सरकारला सोसेना. पट ‘उदयकाल’ नावाने लागला आणि झेंडा उभारण्याचे दृश्यही कापले गेले. नीरोच्या रोमवर कुणा सेन्सॉरची झोप उडाली नव्हती. आमच्या शिवाजीवर उडाली. वर्षभरात बोलपट आला आणि मुक्यांचा जमाना संपला.

हे सगळे चंद्रपुरात बसून मी का लिहितो, असे मला विचारतात. महाकालीच्या चैत्र यात्रेत इथे तंबूतला सिनेमा यायचा. मूकपटाच्या दिवसांत वाचता येणारा एखादा माणूस पाट्या मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकत पाहायचे. वैनगंगेकाठच्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या, माणसांना असे जमून पाहण्या-ऐकण्याची सवय होतीच. धान कापून झाले की भाऊबीजेपासून गावोगाव मंडईच्या जत्रा, शंकरपटाच्या बैलशर्यती, दंडार आणि रात्रभराचे नाटक. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, हंगामात एकाही मंडळाला उसंत मिळत नाही. २०२३ मध्ये इथल्या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या किती जणांनी झाडीपट्टी पहिल्यांदा ऐकली! बाबुरावांची विद्या ज्या मांडवात जन्मली, तसा मांडव झाडीपट्टीच्या चार जिल्ह्यांत अजून जिवंत आहे. मूकपटाचा प्रेक्षक कसा होता हे पाहायचे असेल, तर अभ्यासकांनी ग्रंथालय सोडून कडाक्याच्या थंडीत घोंगडी गुंडाळून इथे पहाटेपर्यंत बसावे.

पण तिथेही पडदा बदलला आहे. मी लहानपणी पाहिलेले हाताने रंगवलेले राजवाडे जाऊन फ्लेक्स आले. ते छापील असतात, चकचकीत असतात आणि दिव्याखाली पांढरे पडतात. रंगवणारे पेंटर दुकानाच्या पाट्यांकडे वळले, मग पाट्याही फ्लेक्सच्या झाल्या. ऐतिहासिक सिनेमा आता संगणकावर गड बांधतो. त्यातल्या दगडाला वजन नसते. आमच्या चंद्रपूरचा परकोट, जटपुरा गेट, पठाणपुरा गेट, बल्लारपूरचा किल्ला, राणी हिराईने उभारलेली समाधी हे सगळे खऱ्या दगडाचे, आणि तिथे कॅमेरा घेऊन आलेला मोठा दिग्दर्शक मी पाहिलेला नाही. गोंड राजांच्या इतिहासात एक नाही, दहा ‘सिंहगड’ निघतील.

आणि मूळ ‘सिंहगड’? तो आज पाहायला मिळत नाही. उरली काही छायाचित्रे. भारतात हजाराच्या वर मूकपट बनले, हाती लागलेले मोजके, त्यातलेही पुष्कळसे तुकडे. नायट्रेटची फिल्म आपण गोदामांत जळू दिली, चांदीसाठी वितळवली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातल्या फिल्म संग्रहाला लागलेल्या आगीत आणखी कितीतरी डबे गेले. पी. के. नायर यांच्यासारख्या संग्राहकाने आयुष्य घालून वाचवले ते वाचले.

वाचलेल्यांत फाळक्यांचा १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आहे, पाऊण तासाचा. त्यात त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. वडशाच्या एखाद्या मंडळाने येत्या मंडईत नाटकाआधी तो दाखवावा, ऑर्गन आणि ढोलकीवर आपलेच वादक बसवावेत आणि पाट्या झाडी बोलीत वाचायला एक दमदार आवाजाचा नट उभा करावा. गर्दी होईल, याची मला खात्री आहे.