बटण मात्र घरचंच हवं!

ऑगस्टचा पहिला रविवार आला, की मनगटावर तेच सॅटिनचे बँड आणि मोबाइलवर तेच फॉरवर्ड्स. यंदा जरा वेगळं काही करायचंय? मग आईला विचारा, बटणांचा डबा कुठाय? बहुतेक घरांत तो असतोच. बिस्किटांचा पत्र्याचा, नाहीतर श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा. जुने शर्ट फरशी पुसायला निघाले, की त्यांची बटणं त्यात जाऊन पडतात.

या बटणांभोवती कागदाची फुलं करायची आणि ग्रुपमध्ये वाटायची. पाच जण असाल तर प्रत्येकाने पाच करा. चार वाटा, एक ठेवा. अट एकच, बटण विकत आणायचं नाही.

कागद म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं बेस्ट. क्रेप पेपर दिसतो छान, पण बटणाच्या वजनाने मान टाकतो. 8, 6.5, 5 आणि 3.5 सेंटिमीटरचे चार चौकोन कापा. प्रत्येकाची दोनदा घडी घालून छोटा चौकोन करा, मग मधलं टोक धरून तिरकी घडी. बाहेरची कड पाकळीसारखी गोल कापा. उघडलं की आठ पाकळ्या! मधल्या टोकाला कात्री लावू नका, नाहीतर हातात नुसते तुकडे येतील. पाकळ्या पेन्सिलीवर गुंडाळून जरा वळवा. मोठ्यावर लहान असे थर रचा, वरची पाकळी खालच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये येईल असे.

आता बटण. गम लावून मोकळं व्हावंसं वाटेल. नका करू.

आमच्या ग्रुपमधल्या एकीने आजोबांच्या पांढऱ्या शर्टाची बटणं आणली होती. आजोबा त्याच वर्षी गेले होते. तो शर्ट घरात कुणी घालत नव्हतं आणि टाकूही देत नव्हतं. आजीला विचारून तिने बटणं उसवली, पाच फुलांना पाच लावली. वाटायची वेळ आली तेव्हा मात्र तिचा हात अडला. ‘देऊ ना गं?’ असं मलाच विचारलं तिने. मग दिली.

बटणं तिने गमने चिकटवली होती. माझ्या फुलातलं लोकलच्या गर्दीत कधी पडलं, कळलंच नाही. घरी येऊन बघते तर नुसत्या पाकळ्या. तिला सांगायला मला चार दिवस लागले.

म्हणून सांगते, बटण शिवा. बटणाच्या भोकांच्या अंतरावर सगळ्या थरांतून सुईने आधीच भोकं पाडून घ्या. फुलाच्या मागे जाड कार्डशीटची छोटी चकती ठेवा, म्हणजे दोरा कागद कापत नाही. दुहेरी दोरा खालून वर, वरून खाली, दोन-तीनदा फिरवा आणि मागे गाठ मारा. फार करकचून ओढू नका. मागे कडी असलेलं बटण असेल तर थरांना जरा मोठं भोक पाडून कडी आरपार काढा आणि दोरा तिच्यातून ओवा. असं शिवलं, की सगळे थरही एकत्र बांधले जातात, वेगळा गम लागतच नाही.

मैत्रीण चिडली नाही. शर्टाच्या आतल्या शिवणीला एक जादा बटण लावलेलं असतं ना, ते घेऊन आली. सोबत पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. सुईत दोरा ओवून तिने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘आता तूच लाव.’