डीव्हीडी ड्राइव्ह चालत नाही? फेकण्याआधी एवढं बघा

आमच्याकडे थोरल्या बहिणीच्या निकाहची एक डीव्हीडी आहे. त्यात आमच्या दादी बोलताना दिसतात. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. गेल्या महिन्यात ती कॉम्प्युटरमध्ये टाकली, तर ड्राइव्ह नुसता घरघरला आणि गप्प झाला. दुकानदार म्हणाला, "ड्राइव्ह गेला, नवीन घ्या." पण ड्राइव्ह गेला नव्हता.

आधी दोष डिस्कचा की ड्राइव्हचा, हे ठरवा. विकत आणलेली एखादी छापील डिस्क लावून बघा. ती चालली तर ड्राइव्ह बहुधा ठीक आहे. कधी कधी सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही. सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. एक थकला तरी दुसरा चालू राहतो. डिस्क उघडते पण पिक्चर लागत नसेल, तर विंडोज १० मध्ये डीव्हीडी व्हिडिओची सोय मुळात नसते. व्हीएलसी प्लेअर फुकट मिळतो, तो टाका.

ड्राइव्ह कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर प्लग काढून डबा उघडा आणि ड्राइव्हच्या मागच्या दोन्ही केबल नीट दाबून बसवा. यूएसबीवरचा बाहेरचा ड्राइव्ह असेल तर पोर्ट बदलून बघा, वीज कमी पडत असते. तरीही नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ड्राइव्ह अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. ड्रायव्हर विंडोज स्वतःच घालून घेते.

ट्रे अडकला तर ओढाताण नको. कॉम्प्युटर बंद करा. ट्रेच्या तोंडाशी सुईएवढं भोक असतं, त्यात सरळ केलेली जेम क्लिप हळू दाबा.

आता साफसफाई. डिस्क मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा ड्राइव्हला जास्त जड जातो. लॅपटॉपच्या ट्रेवर लेन्स उघडीच असते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन ती अलगद पुसा. अत्तर किंवा सेंट चालत नाही (हो, आमच्या घरात तो प्रयोग झालाय). सीडीवरचं जुनं स्टिकर उपटू नका. सीडीतला मजकूर लेबलच्या अगदी खालीच असतो, स्टिकरबरोबर तोही निघून येतो.

आमच्या डिस्कवर तेलकट बोटांचे ठसे होते. पुसल्यावर ती उघडली. आम्ही लगेच व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या फाईल एकेक करून हार्ड डिस्कवर घेतल्या, सगळ्या एकदम नाही, कारण एक अडकली की सगळंच थांबतं. तिसरी फाईल अडकलीच. मग डिस्क घेऊन मामूंकडे गेलो. प्रत्येक ड्राइव्हची वाचायची ताकद वेगळी असते. त्यांच्या जुन्या लॅपटॉपने तीच फाईल वीस मिनिटं रेटून वाचली.

दादी त्याच फाईलमध्ये होत्या.