गुडघा झिजतो, पण दुखणं मुरतं मज्जारज्जूत

सुरत (प्रतिनिधी) : लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा या भागांत धुळे-नंदुरबार-जळगावकडची घरं शोधावी लागत नाहीत. पहिल्या पिढीने लूमवर बारा-बारा तास उभं राहून, बायकांनी घरी मांडी घालून साड्यांना लेस-टिकल्या लावून संसार केला. ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे आणि जवळपास प्रत्येक घरात एक तरी गुडघा दुखतोय.

माझी आत्या त्यातलीच. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एक्स-रे झकास आला, टाके भरले. वर्ष उलटलं तरी दुखणं थांबेना. "नवा गुडघा बसाडा तरी दुखस, आते काय करू?" असं ती विचारायची. एका दवाखान्यात तिला सांगितलं गेलं की हे सगळं मनाचे खेळ आहेत. ती घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

दुखणं खरं होतं. फक्त ते आता एकट्या गुडघ्यात उरलं नव्हतं.

मुळात आपण म्हणतो तशी कूर्चा झिजल्यामुळे ती दुखत नाही, कारण कूर्चेत दुखण्याच्या नसाच नसतात. नसा असतात त्या कूर्चेखालच्या हाडात, सांध्याच्या आतल्या अस्तरात आणि भोवतीच्या आवरणात. झीज वाढली की हाडावर ताण येतो, अस्तर सुजतं आणि तिथून संदेश निघतो. तो मांडीतून वर चढून मज्जारज्जूत पोचतो. मज्जारज्जू म्हणजे मणक्यांच्या पोकळीतून जाणारा नसांचा जाड दोर. तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, म्हणून गुडघ्याची खबर दोराला मिळते ती साधारण शेवटच्या बरगडीच्या उंचीवर. तिथे एक पेशी संदेश देते, दुसरी घेते आणि मेंदूकडे पाठवते.

ही दुसरी पेशी नुसती टपाल पोचवणारी नाही. संदेश कमी-जास्त करण्याचं काम तिथेच चालतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये हेच मांडलं : मज्जारज्जूत दुखण्याला एक दार आहे. गुडघा आपटला की आपण लगेच चोळतो आणि बरं वाटतं ना? चोळण्याचा संदेश ते दार थोडं लोटून घेतो.

त्या सिद्धांताचा तपशील पुढे बदलला, पण दार खिळखिळं होऊ शकतं हे 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगातून दिसलं. इजेनंतर मज्जारज्जूचीच संवेदनशीलता वाढते. महिनोन्महिने गुडघ्याकडून संदेश येत राहिले, की ग्लुटामेटसारखी रसायनं त्या जागी सारखी सुटत राहतात. एरवी बंद असणारे ग्राहक उघडतात, भोवतालच्या आधारपेशीही चिथावणारी रसायनं सोडतात. मग घेणारी पेशी थोड्याशा संदेशालाही मोठ्याने ओरडते. शेजारच्या नसांतून आलेला साधा स्पर्शही ती दुखणं म्हणून पुढे ढकलते. शिवाय मेंदूच्या तळाकडून खाली येणारा ब्रेक असतो, तो सैल पडतो. झोप नीट नसेल तर आणखीच. रात्रपाळी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मी कॉमर्सचा माणूस, मला हे असं समजलं : मुद्दल गुडघ्यातलं, व्याज मज्जारज्जूतलं. काहींचं मुद्दल फिटलं की व्याजही थांबतं. काहींचं चालूच राहतं.

यातून दोन कोडी सुटतात. एक्स-रेत भरपूर झीज असूनही एखादे आबा सायकल मारतात आणि थोडी झीज असलेली बाई जिना चढू शकत नाही, ते का? आणि गुडघा बदलल्यावरही साधारण पाचातल्या एकाचं दुखणं का राहतं? गुडघेदुखीच्या काही रुग्णांचा हात दाबून पाहिला तरी इतरांपेक्षा लवकर दुखतो, म्हणजे बिघाड सांध्याच्या पलीकडे गेलेला असतो. अशा रुग्णांचं दुखणं ऑपरेशननंतर राहण्याची शक्यता जास्त असते. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. बऱ्याच जणांत सांधा बदलल्यावर ही वाढलेली संवेदनशीलता उतरते. म्हणजे ऑपरेशन वाईट असं नाही. कर्ज काढून किंवा आयुष्मान कार्डावर करायच्या आधी "माझं दुखणं किती गुडघ्याचं, किती नसांचं?" हे डॉक्टरांना विचारावं, एवढंच.

इथे एक गोंधळ टाळा. "नस दबली" म्हणतात तो प्रकार वेगळा. त्यात मणक्याची गादी किंवा हाड नसेला दाबतं. आपण बोलतोय त्यात काही दबलेलं नसतं, म्हणून कंबरेचा एमआरआय काढून ते दिसणार नाही.

उपाय काय? सर्वांत भरवशाचा उपाय स्वस्त आहे : मांडीचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम आणि चालणं, फिजिओथेरपिस्टला विचारून, हळूहळू वाढवत. त्याने गुडघ्यावरचा भार कमी होतो आणि अनेकांत तो सैल पडलेला ब्रेकही सुधारतो. वजन आणि झोप यांचाही हिशेब त्यातच. औषधांत ड्युलोक्सेटिन नावाची गोळी आहे, मूळ नैराश्यावरची. ती मज्जारज्जूकडे येणाऱ्या ब्रेकला जोर देते आणि अमेरिकेत 2010 पासून सांध्यांच्या जुन्या दुखण्यासाठीही मंजूर आहे. चिठ्ठीवर ती दिसली तर "डॉक्टरने मला वेडं ठरवलं" असं समजू नका. पण मनाने सुरू करू नका आणि अचानक बंदही करू नका. मेडिकलवरून रोज दोन-दोन दुखण्याच्या गोळ्या आणण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती पोट आणि किडनी दोन्ही बिघडवते. व्याज मात्र तसंच.

पाय बधिर होणं, ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, किंवा तापासह सांधा लाल-गरम होणं, यापैकी काही असलं तर व्यायामाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आत्याला शेवटी एका डॉक्टरांनी नीट बसवून हे सगळं सांगितलं. दुखणं गेलेलं नाही. पण ती रोज खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम करते, रात्री झोप लागते, आणि गेल्या महिन्यात ताप्ती लाईनच्या गाडीने नंदुरबारला लग्नाला जाऊन आली. डब्याची पायरी चढताना कोणाचा हात धरला नाही, हे तिने परत आल्यावर तीनदा सांगितलं.