तारखेच्या प्रतीक्षेत

बंगळूर शहराच्या पूर्व अंगाला मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. कानडीत ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे. परंतु खेड्याची खूण आता ह्या नावातच काय ती उरली आहे. एका बाजूस सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने उभारलेला विमानांचा कारखाना, दुसऱ्या बाजूस व्हाइटफील्डची संगणक-कार्यालये आणि मधून अहोरात्र वाहणारा वर्तुळाकार रस्ता. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही ह्या परिसरात नांदत आहेत.

अशाच एखाद्या घरातील वृद्ध गृहस्थ डोळ्यांपुढे आणावे. कमरेच्या मणक्यावरील शस्त्रक्रियेला काही वर्षे लोटली. जखम भरली, हाड सांधले. पण डाव्या पायातून उतरणारी विजेसारखी कळ थांबली नाही. औषधे झाली, व्यायाम झाले, सुया झाल्या. अखेर डॉक्टरांनी सांगितले, की पाठीत एक विद्युत्-यंत्र बसवून पाहता येईल. तारीख कार्यालयातून कळविली जाईल. त्या दिवसापासून फोन त्यांच्या उशाशी आहे. सून रोज विचारते, “बाबा, आला का हो फोन?” आणि बाबा मान हलवतात. आपण होऊन विचारणा केली, तर “उद्या फोन करा” एवढेच उत्तर मिळते.

‘उद्या’ ह्या शब्दाची ह्या शहराला एक जुनी आठवण आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत येथे अशी वदंता पसरली होती, की रात्री एक चेटकीण ओळखीच्या आवाजात हाका मारीत दारोदार फिरते. लोकांनी दारांवर ‘नाळे बा’ असे लिहून ठेवले. ‘नाळे बा’ म्हणजे ‘उद्या ये’. ती बिचारी ते वाचून परत फिरे, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाची! भुताला परतविण्यासाठी ही युक्ती नामी खरी. परंतु दुखणाइताला रोज तीच पाटी दाखविली, तर त्याच्या शरीरावरही तिचा परिणाम होतो. तो कसा, हे समजून घेण्यासाठी वेदनेचे शास्त्र थोडे पाहिले पाहिजे.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त ह्याची कल्पना अशी होती, की दोरी ओढली म्हणजे घंटा वाजावी, तशी पायाला इजा झाली की मेंदूत वेदना उमटते. त्याच्या निधनानंतर, १९६४ पूर्वी बरोबर ३०० वर्षे, म्हणजे १६६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील ही उपपत्ती दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. परंतु जखम भरल्यावरही घंटा का वाजत राहते, ह्याचे उत्तर तिच्यात नव्हते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल ह्या दोघा शास्त्रज्ञांनी निराळा विचार मांडला. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार आहे. स्पर्शाचे संदेश वाहणारे जाड तंतू जागे झाले, की ते दार लोटले जाते आणि वेदनेचे संदेश अडतात. ठेच लागताच आपण ती जागा चोळतो, त्यातले मर्म हेच. आणि ह्या दारावर मेंदूचीही सत्ता चालते: आश्वस्त मन ते लोटून घेते, भय आणि चिंता ते सताड उघडतात. ह्या उपपत्तीच्या तपशिलात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. मूळ विचार मात्र टिकून राहिला.

त्याच विचारातून १९६७ साली अमेरिकेत नॉर्मन शीली ह्यांनी मज्जारज्जूला सौम्य विद्युत्प्रवाह देणारे पहिले यंत्र एका रुग्णाच्या शरीरात बसविले. आज केसासारख्या नव्हे, पण शेवयीइतक्या बारीक तारा मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत सरकवितात आणि त्यांना जोडलेली लहानशी बॅटरी कुल्ल्याच्या वरच्या भागात किंवा पोटाच्या त्वचेखाली बसवितात. तत्पूर्वी काही दिवस बॅटरी शरीराबाहेर ठेवून परीक्षा घेतली जाते. वेदना निम्म्याने तरी उतरली, तरच कायमचे यंत्र बसवावयाचे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

मग तारीख का मिळत नाही? कारण ती एका घड्याळावर ठरत नाही. पहिले घड्याळ शरीराचे: रक्तातील साखर आटोक्यात हवी, त्वचेवर, दातांत वा लघवीत जंतुसंसर्ग नको, रक्त पातळ करणारी औषधे वैद्यांच्या सल्ल्याने योग्य वेळी थांबलेली हवीत. दुसरे मनाचे: मानसतज्ज्ञांची भेट घ्यावी लागते. पुष्कळांना हा अपमान वाटतो, “दुखणे खोटे आहे काय?” असे ते विचारतात. वस्तुतः खिन्नता आणि अवास्तव अपेक्षा ह्यांचा परिणाम यंत्राच्या यशावर होतो, म्हणून ती तपासणी असते. तिसरे घड्याळ पैशाचे. ह्या यंत्राचा खर्च काही लाख रुपयांच्या घरात जातो. विमा नियामक प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये रोकडरहित उपचाराच्या विनंतीवर एका तासात निर्णय देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. तथापि विनंती सर्व कागदांसह पोहोचली पाहिजे, आणि आधीपासूनच्या आजारासाठी पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ संपलेला पाहिजे. हा काळ आता अधिकात अधिक ३६ महिने असू शकतो. चौथे घड्याळ यंत्राच्या पुरवठ्याचे, आणि पाचवे शस्त्रक्रियागृहाचे, भूलतज्ज्ञाचे आणि यंत्र जुळवून देणाऱ्या तंत्रज्ञाचे. फोन उचलणाऱ्या कारकुनाच्या हाती बहुधा शेवटचा धागा तेवढा असतो.

म्हणून “तारीख कधी?” ह्यापेक्षा “कोणती गोष्ट अडली आहे, ती कोणाकडे आहे, आणि पुन्हा कोणत्या वारी विचारावे?” हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. उत्तर वहीत टिपून ठेवावे. त्याच वहीत झोप किती लागली, किती पावले चालता आले, कळ कोणत्या वेळी वाढली, हेही लिहावे. परीक्षेच्या दिवसांत यंत्राचा खरा गुण ह्याच नोंदींवरून कळतो. गोळ्या आपल्या मनाने वाढवू वा तोडू नयेत. आणि पायातील बळ एकाएकी गेले, बैठकीच्या जागी बधिरता आली, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटला, तर तारखेची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रतीक्षेचा आणखी एक उपयोग आहे. हे यंत्र रामबाण नव्हे. ब्रिटनच्या ‘नाइस’ ह्या संस्थेने २००८ साली मज्जातंतूंच्या चिवट वेदनेसाठी त्याची शिफारस केली; उलट नॉर्वेत ५० रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चालू यंत्र आणि बंद यंत्र ह्यांच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास आणि अपेक्षा मापून पाहण्यास हा काळ उपयोगी पडतो.

परंतु काळालाही मर्यादा असावी. कॅनडातील संशोधकांनी २००८ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असे आढळले की उपचाराची वाट पाहण्याच्या सहा महिन्यांत दीर्घ वेदनेच्या रुग्णांचे जीवनमान आणि मनःस्वास्थ्य ढासळत जाते. मज्जारज्जूतील दार अनिश्चिततेने उघडे राहते, ह्याचा हा व्यवहारातील पडताळाच म्हणावा लागेल.

ह्यावरील एक उपाय कोणत्याही कार्यालयाच्या आवाक्यातला आहे. “अजून तारीख नाही, विम्याचा कागद यावयाचा आहे, गुरुवारी आम्हीच कळवू,” एवढे सांगावे, आणि गुरुवारी खरोखरच कळवावे. त्या एका वाक्याने यंत्र लवकर येणार नाही. पण मारतहळ्ळीच्या त्या घरात फोन उशाशी न ठेवता कोनाड्यात ठेवला जाईल, आणि बुधवारची रात्र तरी बाबांना झोपेत काढता येईल.