उजेड खालून येतो

कुठल्याही नव्या स्कीमचं ब्रोशर उघडा. हॉलचं चित्र ठरलेलं असतं. फिकट सोफा, कोपऱ्यात मोठ्या पानांची कुंडी आणि खिडकीतून तिरपा शिरून समोरच्या भिंतीपर्यंत पोचलेला सोनेरी उन्हाचा पट्टा. चित्र देखणं खरं, पण ते ऊन पुण्याचं नसतं. पुणे साडेअठरा अक्षांशांवर. डिसेंबरात सूर्य सगळ्यात खाली येतो, तेव्हाही भर दुपारी तो क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. दक्षिणेकडच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून २.१ मीटरवर धरा. ऊन आत येऊन येऊन १.९ मीटर येणार. वर छज्जा असला तर त्याहूनही कमी. तीच खिडकी हॉलंडातल्या डेल्फ्टला लावली, तर सूर्य साडेचौदा अंशांवर आणि ऊन आठ मीटर आत! चित्रकार व्हर्मीरच्या गावचं ऊन आपण बाणेरच्या टू-बीएचकेत आणून ठेवतो. पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांतून सकाळ-संध्याकाळ ऊन खोलवर येतं, कबूल. पण मग बाहेरचं आकाश तरी भर दुपारचं निळं दाखवू नये.

मे महिन्यात तर गंमतच. मेच्या मध्याला आणि जुलैअखेरीस पुण्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि मधले अडीच महिने तो दुपारी चक्क उत्तरेला असतो. दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा भर दुपारी ऊन नसतंच. तरी घरात अंधार नसतो. का? कारण उजेड अंगणातल्या पेव्हर ब्लॉकवर, समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर, खिडकीच्या कठड्यावर आदळून आत येतो. आत आला की फरशीवर पडतो आणि फरशीवरून छताला जातो. आपल्या खोल्यांत उजेड बराचसा खालून येतो. थ्रीडी व्ह्यू काढणारी पोरं चित्र घेऊन येतात आणि विचारतात, "सर, अजून एक लाइट टाकू का?" मी म्हणतो, आधी फरशी कसली आहे ते सांग.

संगणकावर हा उजेड मोजण्याचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठात गोराल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल यांनी उष्णता-संक्रमणाच्या अभियांत्रिकीतलं गणित उचलून एका भिंतीचा रंग दुसरीवर कसा उतरतो ते संगणकावर दाखवलं. १९८६ मध्ये जेम्स काजियांनी प्रकाशाचं सगळं येणं-जाणं एका समीकरणात बसवलं. पुढे बल्गेरियातून व्ही-रे हे रेंडरिंगचं सॉफ्टवेअर आलं, २०११ साली ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्स हे रेंडर-इंजिन आलं, तेही फुकट. आज कॉलेजातल्या मुलाच्या लॅपटॉपवर ते समीकरण सुटतं. इतकं पुरे; मला फरशीकडे जायचंय.

साताऱ्याकडे माझ्या आत्याच्या घरी अजून शहाबादी आहे. गेलो की मी तिचे फोटो काढतो. "अरे, फरशीचे कसले फोटो काढतोस? माणसांचे काढ की," असं आत्या दर वेळी म्हणते. पण ती फरशी पाहण्यासारखीच आहे. उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत पावलांनी घासून एक गुळगुळीत वाट झालीय. झोपाळ्याखाली पाय टेकतात तिथे दोन चकाकते डाग आहेत. भिंतीलगत मात्र दगड अजून खरबरीत, मळकट निळसर. रंग सगळीकडे जवळपास एकच. बदलतो तो फक्त खरखरीतपणा. सॉफ्टवेअरमध्ये याला रफनेस म्हणतात. शून्य म्हणजे आरसा, एक म्हणजे खडू. नवखा माणूस अख्ख्या फरशीला एकच आकडा देतो आणि मग ती प्लॅस्टिकची दिसते म्हणून रंग बदलत बसतो. रंग राहू द्यावा. जिथे माणसं चालतात तिथे आकडा उतरवावा, कोपऱ्यात चढवावा. ओल्या पोछ्याचे अर्धगोल फराटेही त्यातच, अगदी फिकट.

दुसरी गोष्ट कोनाची. पॉलिश केलेल्या कोटा फरशीकडे सरळ खाली पाहिलं, तर पृष्ठभागावरून जेमतेम चार-पाच टक्के प्रकाश परततो. तीच फरशी खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, डोळा खाली नेऊन पाहा. खिडकी तिच्यात लख्ख दिसते. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गणित मांडलं. म्हणून कॅमेरा कुठे ठेवलाय, यावर फरशी किती चमकेल ते ठरतं. आणि व्हिट्रिफाइड टाइल दाखवायची असेल, तर प्रत्येक टाइलवर तीच शीर, तोच ठिपका नको. टाइल फिरवा, नक्षी सरकवा, मधला सांधा दाखवा. फर्निचरच्या कडाही मिलीमीटर-दोन मिलीमीटर गोल करा. चाकूसारखी धार खऱ्या लाकडाला नसते, आणि कडेवरची ती उजेडाची बारीक रेघ गोलाईशिवाय उमटत नाही.

आता भिंती. क्लायंटला पांढरं हवं असतं आणि आपण शुभ्रातलं शुभ्र देतो. चांगला पांढरा रंगसुद्धा ८० टक्क्यांच्या आसपासच प्रकाश परत टाकतो. बंद खोलीत तो पुन्हा पुन्हा आदळतो, तेव्हा बेरीज मूळच्या पाचपट होते. आकडा ९५ केला की वीसपट! उजेड चौपट होतो, सावल्या धुऊन निघतात, सोफा हवेत तरंगायला लागतो. उलट चूक आदळण्याच्या मोजणीत. सायकल्समध्ये मॅट पृष्ठभागांवरच्या उसळ्या मुळात चारवर बांधलेल्या असतात. ८० टक्क्यांच्या भिंतीवर चार उसळ्यांनंतरही ४१ टक्के प्रकाश शिल्लक असतो, आणि तो फेकून दिला की पॅसेज काळवंडतो. मग तिथे खोटा दिवा येतो. उसळ्या वाढवाव्यात, थोडा वेळ जाऊ द्यावा.

दिव्यावरून थोडं विषयांतर. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या मुलीचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्यांच्या नावावर खपवतात. आपल्या लेकीलाच त्यांनी समोर उभं केलं होतं. ज्योतीपुढे धरलेली बोटं पाहा, कडेला लालसर पेटलेली. प्रकाश त्वचेत शिरतो, आत भरकटतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो. हे झटपट मोजण्याची व्यवहार्य रीत संगणकवाल्यांना २००१ साली हेन्रिक वान येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली. त्यांची उदाहरणं संगमरवर आणि दूध. हळदणकरांनी ते कुंचल्याने कधीच करून ठेवलं होतं. संगमरवरी देव्हारा करताना हे उपयोगी पडतं. दगड नुसता पांढरा रंगवला तर तो पीओपीचा दिसतो. प्रकाश थोडा आत शिरू दिला की समईशेजारची कड मऊ होते. समईला १९०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा, बाहेर संध्याकाळचं निळं आकाश ठेवा आणि छतातले बारा स्पॉटलाइट बंद करा.

यावर बिल्डरचा फोन येतोच : "साहेब, अंधार वाटतोय, जरा उजेड वाढवा." दिवा वाढवू नका. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर अर्धा स्टॉप चढवा, फरशी एक छटा फिकट करा आणि तेच चित्र परत पाठवा.